यामाहा एफएस८००: घरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मापाची गिटार

हौसेखातर गिटार वाजवणाऱ्याने, विशेषतः तिच्या साथीने गाणाऱ्याने, पंचवीस हजारांच्या आत एकच अकूस्टिक गिटार घ्यायची ठरवली तर ती यामाहाची एफएस८०० असावी. मात्र दुकानातून आणली तशीच ती वाजवत बसू नये. तिचं लाकूड, नेकचं (म्हणजे मानेच्या दांड्याचं) काम आणि खुंट्या हे सगळं किमतीच्या मानाने फार चांगलं आहे. कारखान्यातून अपुरी राहते ती तारांची उंची, आणि तेवढं काम आपल्याला करून घ्यावं लागतं. एफचा बारे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून वाजवायचा स्वरमेळ, लागत नाही म्हणून हिरमुसून गिटार कपाटावर टाकणारे पुष्कळ असतात. त्यांच्या बोटांत दोष नसतो, नटाच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा उंच राहिलेल्या असतात.

यामाहाने ‘एफजी’ ही स्टीलच्या तारांची मालिका १९६६ साली एफजी१८० आणि एफजी१५० या दोन गिटारींनी सुरू केली. सध्याची ८०० मालिका २०१६मध्ये आली. या मालिकेत दोन अंगलटी आहेत. एफजी मोठी, रुंद कमरेची; एफएस लहान, आत घेतलेल्या कमरेची. एफजी८००ची तारेची वाजणारी लांबी, म्हणजे स्केल, ६५० मि.मी. आहे, खालच्या भागाची रुंदी ४१२ मि.मी. आणि खोली १०० ते ११८ मि.मी. एफएस८००मध्ये हेच आकडे ६३४, ३८२ आणि ९० ते ११० असे आहेत. नटापाशी रुंदी दोन्हींची ४३ मि.मी., फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, दोन्हींवर २०, आणि नेक पेटाऱ्याला, म्हणजे गिटारीच्या पोकळ अंगाला, १४व्या फ्रेटपाशी मिळतो.

कागदावर हे फरक किरकोळ दिसतात. हातात घेतल्यावर त्यातला कोणता जाणवतो आणि कोणता नाही, ते समजून घ्यावं. लहान स्केलमुळे बोटं कमी ताणावी लागतात असं विक्रेते सांगतात. ते खरं, पण थोडंच. पहिल्या तीन फ्रेटचं मिळून अंतर एफजीवर साधारण १०३ मि.मी. भरतं आणि एफएसवर १०१. दोन-अडीच मिलिमीटरने जीचा कॉर्ड अचानक सोपा होत नाही. खरा फायदा तारेच्या ताणात आहे. त्याच जाडीच्या तारा, त्याच सुरात, ६५०ऐवजी ६३४ मि.मी.वर लावल्या की ताण सुमारे ५ टक्क्यांनी उतरतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा तास सलग वाजवल्यावर डाव्या हाताला हे ५ टक्के नक्की कळतात. दुसरा फायदा उजव्या खांद्याला. सोफ्यावर किंवा खाली मांडी घालून बसणाऱ्याला ११८ मि.मी. खोल गिटारीवरून हात टाकावा लागला की खांदा वर उचलला जातो आणि मनगट वाकतं. एफएसवर हात सरळ खाली उतरतो. आपल्याकडे निम्मी गिटार सतरंजीवर किंवा पलंगावर बसून वाजते, म्हणून हा मुद्दा आवाजाइतकाच महत्त्वाचा मानावा.

आता लाकूड. पुढची फळी सिटका स्प्रूसची, अखंड, दुकानाच्या भाषेत सॉलिड टॉप. बाजू आणि पाठ नाटो किंवा ओकुमे या लाकडांच्या पापुद्र्यांची, म्हणजे लॅमिनेट. नेक नाटोचा, मागून मॅट, त्यामुळे घामेजलेला अंगठा चिकटत नाही. फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकवरची फळी) आणि ब्रिज (पेटाऱ्यावर तारा जिथे अडकवतात तो लाकडी ठोकळा) सुरुवातीच्या गिटारींवर रोजवुडचे होते, आता अक्रोडाच्या लाकडाचे येतात. रोजवुड ज्यात मोडतं त्या डॅल्बर्जिया प्रजातीतल्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जानेवारी २०१७पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापाराबद्दलच्या, कराराची बंधनं आली, तेव्हापासून बऱ्याच कंपन्या रोजवुडपासून दूर गेल्या. तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली, तोवर अक्रोड रुळलं होतं. जगभरच्या महागड्या गिटारींच्या पाठीला लागणारं इंडियन रोजवुड म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारं शिसव. ब्राझीलने आपल्या रोजवुडचे ओंडके बाहेर पाठवणं थांबवल्यावर मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीने १९६९च्या सुमाराला याच शिसवाकडे मोर्चा वळवला. एफएस८००च्या आवाजात मात्र फ्रेटबोर्ड अक्रोडाचा की शिसवी, हा फरक शोधत बसू नये. अक्रोड रंगाने फिकट असतं आणि लवकर कोरडं दिसतं, एवढंच.

याच मालिकेत एफएस८२० महोगनीच्या आणि एफएस८३० रोजवुडच्या बाजू-पाठीची मिळते. या बाजू-पाठीही लॅमिनेटच असतात. दिसायला ८३० देखणी आहे आणि आवाजात थोडी खोली आहे, पण हौशी वादकाने वरचे पैसे सेटअप (नेक आणि तारांची उंची जुळवून घेणं), चांगल्या तारा आणि जाड गादीच्या बॅगेवर घालावेत. त्याचा उपयोग रोज होतो.

आवाजाबद्दल. एफएस८००चा मधला पट्टा ठसठशीत आहे, खर्जाची घुमारी बेताची आहे आणि वरच्या तारा स्वच्छ, किंचित कडक आहेत. हा कडकपणा नव्या स्प्रूसचा असतो आणि वाजवत राहिलं की निवतो. फळीच्या आतल्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, ८०० मालिकेत टोकांकडे कोरून हलक्या केलेल्या आहेत, त्यामुळे एवढ्याशा पेटाऱ्यातूनही आवाज मोकळा येतो. प्लेक्ट्रमने, म्हणजे तारा छेडायच्या चिपेने, जोरात झोडपलं तर ती एका मर्यादेनंतर आणखी मोठी होत नाही, आवाज दबतो. दहा-पंधरा जणांच्या गच्चीवरच्या मैफलीत माइकशिवाय वाजवायचं असेल तर एफजी८०० घ्यावी. एका गळ्याला साथ करायची असेल तर उलट होतं: मोठ्या गिटारीचा खर्ज पुरुषी आवाजाच्या पट्ट्यातच घुमतो आणि शब्द गिळतो, एफएस शब्दांना जागा ठेवते. दादरा किंवा केरव्याच्या चालीवर सम खालच्या तारांवर आणि बाकीच्या मात्रा वरच्या तीन तारांवर हलक्या वाजवल्या तर ती भावगीताला फार गोड साथ करते. बोटांनी वाजवणाऱ्यालाही तिचा प्रतिसाद हलक्या स्पर्शाला मिळतो, जोर लावावा लागत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं तर फोन १२व्या फ्रेटसमोर २०-३० सें.मी.वर ठेवावा. आवाजाच्या भोकासमोर ठेवला तर एफएससुद्धा घुमते.

साथीचाच विषय निघाला म्हणून कॅपोचं, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणाऱ्या चिमट्याचं, गणित इथेच सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे गाणारा माणूस ‘सी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी एक’ म्हणतो. पेटीवरची पट्टी कळली की गिटारीवर कॅपो कुठे लावायचा ते ठरतं. काळी एकसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीच्या आकारात, म्हणजे सी पट्टीतल्या कॉर्डची बोटं ठेवून, वाजवावं. काळी दोनसाठी तिसऱ्यावर सीचा आकार, किंवा पहिल्यावर डीचा. पांढरी चारला तिसऱ्यावर डी. पाचव्यावर सीही चालतो. काळी तीनला चौथ्यावर डी किंवा दुसऱ्यावर ई. बायकांच्या आवाजात नेहमी येणाऱ्या काळी चारला पहिल्यावर जी आणि काळी पाचला तिसऱ्यावर जी किंवा पहिल्यावर ए. शक्यतो पाचव्या फ्रेटच्या वर जाऊ नये. पाचव्यावर कॅपो लावला की एफएसची वाजणारी लांबी जेमतेम ४७५ मि.मी. उरते आणि आवाज मेंडोलिनकडे झुकायला लागतो. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे चिकटवून लावावा. फ्रेटबोर्डला ४०० मि.मी. त्रिज्येचा हलका बाक आहे, त्यामुळे स्टीलच्या तारांसाठीचा बाकदार रबराचा कॅपो घ्यावा. नायलॉन गिटारीचा सपाट कॅपो मधल्या तारा बरोबर दाबत नाही. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, म्हणून पुन्हा सुरात घ्याव्यात. आणि पेटी नेमकी ४४०लाच (पांढरी सहाची प्रमाण कंपनं, सेकंदाला ४४०) असेल असं धरून चालू नये. क्लिप ट्यूनरमध्ये, म्हणजे गिटारीला चिमटवायच्या सूरमापकात, मूळ स्वराचा आकडा बदलता येतो. पेटीचा धैवत वाजवून, म्हणजे पांढरी सहा दाबून, तो आकडा आधी जुळवून घ्यावा.

यातलं ‘धैवत’ पांढरी एकला सा धरून म्हटलं आहे. गाणाऱ्याचा सा दुसरा असला तरी जुळवणी पांढरी सहावरच करायची.

दुकानात जाताना खिशात चार गोष्टी असाव्यात: अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची छोटी पट्टी, क्लिप ट्यूनर, कॅपो आणि झेरॉक्सच्या कागदाचा एक तुकडा. मुंबईत धोबीतलावच्या जेर महालातलं, १८६५पासूनचं फुर्टाडोज असो की गावातलं एकखांबी वाद्यभांडार, तपासणी एकच. हात नसलेली खुर्ची मागावी. गिटार आधी पूर्ण सुरात लावावी, कारण उतरलेल्या तारांवर घेतलेलं कुठलंही माप खोटं असतं.

सुरात आल्यावर १२व्या फ्रेटवर पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंतचं अंतर बघावं. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली २.४ मि.मी. आणि पहिल्या तारेखाली १.८ मि.मी. ही हौशी हाताला सोयीची उंची. दुकानात टांगलेल्या गिटारीवर जाड तारेखाली ३ मि.मी. सर्रास दिसतात. तेवढ्यावरून गिटार नाकारू नये, मात्र ब्रिजच्या वर सॅडल, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती खोबणीतली पातळ पट्टी, किती उरलं आहे ते जरूर पाहावं. उंची जास्त आणि सॅडल मात्र जेमतेम दीड मिलिमीटर वर आलेलं, अशी गिटार परत टांगावी. तिच्यात खाली उतरवायला जागाच नाही, म्हणजे नेकचा कोन चुकला आहे किंवा फळी फुगली आहे.

मग नेकचा वाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा, उजव्या हाताने सहावी तार १४व्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघायचं. ०.१५ ते ०.२५ मि.मी. फट हवी. कागदाची एक घडी, म्हणजे दोन पदर, साधारण ०.२ मि.मी. भरतात, ते तारेला जेमतेम घासून गेले की झालं. फट अजिबात नसेल तर नेक सरळ किंवा मागे वाकलेला आहे, घडी मोकळी सरकली तर पुढे वाकलेला आहे. दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या आवळता येणाऱ्या लोखंडी कांबीने, सुधारतात, म्हणून या तपासणीत थोडंफार इकडे-तिकडे चालतं.

आता प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवावी. सहा तारा, वीस फ्रेट, एकशेवीस स्वर. पाच मिनिटं लागतात आणि दुकानदार कितीही घाईत असला तरी ही पाच मिनिटं सोडू नयेत. इथे जे निघतं ते नंतर घरी सुधारणं खर्चिक असतं. खरखर कुठे येते यावरून कारण कळतं. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबल्यावर स्वच्छ वाजते: नटाची खाच जास्त खोल गेली आहे. पहिल्या पाच फ्रेटवर सगळीकडे खरखर: नेकला पुरेसा वाक नाही, ट्रस रॉडचं काम. बाराव्याच्या वर सगळीकडे: सॅडल फार खाली आहे. एकाच जागी, एकाच फ्रेटवर: त्याच्या पुढचा फ्रेट वर उचललेला आहे. शेवटची ही गिटार घेऊ नये, दुसरा नग मागावा. काही वेळा खरखर फ्रेटची नसतेच, खुंटीचं ढिलं पेचाचं नट किंवा तारेचं कापायचं राहिलेलं टोक झंकारत असतं. खुंट्यांवर बोट ठेवून पुन्हा वाजवलं की ते लगेच कळतं.

बाराव्या फ्रेटवर तार हलकेच स्पर्शून घंटेसारखा सूर काढावा आणि मग तीच तार तिथेच दाबून वाजवावी. ट्यूनरवर दोन्हींत पाच सेंटच्या (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) आत फरक असावा. दाबलेला सूर जास्त चढा येत असेल तर आधी तारा बदलून पाहाव्यात. महिनोन् महिने टांगलेल्या, गंजू लागलेल्या तारांवर सूर जुळत नाही आणि त्याचं खापर गिटारीवर फुटतं.

फळी खरोखर अखंड आहे का, हे आवाजाच्या भोकाच्या कडेवर दिसतं. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड अखंड; कडेवर आडव्या थरांची वडी दिसली तर लॅमिनेट. गिटार दिव्याखाली तिरकी धरून ब्रिजच्या मागची फळी बघावी. तिथे किंचित फुगवटा असतोच, तारांचा मिळून ७० किलोच्या आसपासचा ओढा तिथेच येतो. पण ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे. शेवटी डाव्या हाताचा पंजा नेकच्या कडेने वरपासून खालपर्यंत फिरवावा. फ्रेटची टोकं टोचली तर गिटार कोरड्या जागी राहिलेली आहे.

ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हीच सगळी तपासणी परतीची मुदत संपायच्या आत करावी. खोकं उन्हातून आलं असेल तर उघडण्यापूर्वी काही तास घरात निवू द्यावं.

सेटअप हा या परीक्षणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर. क्रम पाळायचा: आधी नेक, मग नट, मग सॅडल. उलटा केला तर प्रत्येक पुढचं काम आधीचं बिघडवतं.

एफएस८००चा ट्रस रॉड आवाजाच्या भोकातून फिरवतात. घड्याळाच्या दिशेने फिरवला की आवळतो आणि नेक सरळ होतो, उलट दिशेने ढिला. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावून कागदाने फट मोजायची. अडखळला तर जोर करू नये, कारागिराकडे न्यावी. ट्रस रॉडने तारांची उंची ठरवायची नसते, फक्त नेकचा वाक ठरवायचा. उंची कमी करायला म्हणून तो आवळत नेणारे पहिल्या पाच फ्रेटवर खरखर ओढवून घेतात.

नटाची खाच ओळखायची सोपी कसोटी: तिसऱ्या फ्रेटवर जीचा बारे स्वच्छ लागतो, पण पहिल्यावर एफचा लागत नाही, तर नट उंच आहे. नीट पाहायचं तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर फट बघावी. एका पातळ कागदाएवढी पुरे. खाच घासायला तारेच्या जाडीची खास कानस लागते आणि एक घास जास्त झाला तर नट बदलावा लागतो, म्हणून हे काम स्वतः करू नये. चांगल्या कारागिराला अर्ध्या तासाचं काम, आणि यानेच गिटार सर्वांत जास्त बदलते.

सॅडलचं गणित सरळ आहे. बाराव्या फ्रेटवर जेवढी उंची उतरवायची, त्याच्या दुप्पट सॅडल घासायचं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. ३ मि.मी.वरून २.४वर यायचं तर ०.६ कमी करायचे, म्हणजे सॅडलच्या तळातून १.२ मि.मी. जायला हवं. वरची कडा घासू नये, ती सुरासाठी आकार देऊन कोरलेली असते. पेन्सिलीने तळापासून रेघ मारायची, काचेवर १८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवायचा आणि सॅडल अगदी उभं धरून घासायचं. तळ जरासा जरी गोलावला तरी तो ब्रिजच्या खोबणीत नीट टेकत नाही आणि एखादी तार मुकी होते. सॅडल ब्रिजच्या वर किमान दोन-अडीच मिलिमीटर उरलंच पाहिजे, नाहीतर तार त्यावरून पुरेशी वाकत नाही आणि आवाज पडतो. कंपनीचं सॅडल युरिया या प्लास्टिकचं आहे. हाडाचं बसवलं तर वरच्या तारांचा कडकपणा थोडा गोलावतो. पहिल्याच दिवशी करण्यासारखं नाही, पण घासताना चूक झालीच तर हाडाचंच घ्यावं. कारागिराची मजुरी आणि नव्या तारा मिळून दोन-अडीच हजारांची तजवीज गिटारीच्या किमतीबरोबरच धरून ठेवावी.

कारखान्यातून तारा १२-५३ जाडीच्या येतात (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). बोटं तयार नसतील तर सहा महिने ११-५२ लावाव्यात; आवाज फारसा उतरत नाही आणि दाबायला हलक्या जातात. १०-४७ अगदी नाजूक बोटांसाठी ठीक, पण त्यावर फळी पुरेशी हलत नाही आणि एफएसचा मधला पट्टा पातळ होतो. लहान स्केलवर ११चा संच मला सर्वांत नेमका वाटतो. जाडी बदलली की ताण बदलतो, म्हणजे नेकचा वाक पुन्हा तपासायचा. तार चढवताना गुंडाळलेल्या तारांना दोन-तीन वेढे आणि साध्या तारांना चार-पाच पुरतात. वेढे एकमेकांखाली नीट बसवावेत. सूर लावताना ‘टिक्’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार नटात अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं की थांबतं. दोष खुंटीचा नसतो. एफएस८००च्या बंद खुंट्या चांगल्या धरतात.

हवामान हा आपल्याकडे गिटारीचा खरा शत्रू, आणि तो महाराष्ट्रात दोन तोंडांनी येतो. अखंड फळीला ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा आकडा ८०च्या वर राहतो. लाकूड पाणी पितं, फळी फुगते, तिच्याबरोबर ब्रिज वर येतो आणि मे महिन्यात बसवलेली उंची ऑगस्टमध्ये वाढलेली सापडते. तेव्हा सॅडल घासायचं नाही. घासलं तर दिवाळीनंतर फळी बसली की तारा फ्रेटला लागायला लागतील. पावसाळ्यासाठी गिटार बॅगेत बंद ठेवावी, आत सिलिका जेलची पुडी आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा; पुडी ओली झाली की तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येते. भिंतीला टेकून किंवा बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवू नये. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालूनही पुसावी. साध्या ब्राँझच्या तारा मुंबईच्या पावसात काही आठवड्यांत काळ्या पडतात. एलिक्सिर किंवा डॅडारिओ एक्सएससारख्या लेप दिलेल्या तारा महाग पडतात, पण इथे त्या पैसे वसूल करतात.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे उलटा त्रास देतो. लाकूड सुकतं, फ्रेटची टोकं बाहेर येतात, फळी खोल जाते आणि फारच दुर्लक्ष झालं तर ब्रिजच्या खाली उभी चीर पडते. साबणाच्या भोकांच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज घालून ती बॅगेत ठेवली तर काम भागतं; पाणी गळता कामा नये. नागपुरात कूलरच्या खोलीत हवा चांगलीच दमट होते, तिथे स्पंजची गरज नाही, पण गिटार कूलरच्या झोतात नको. एसीच्या खोलीत मात्र हवा कोरडी होते. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत गिटार कधीच, दहा मिनिटांसाठीही, ठेवू नये. आतलं तापमान सरस मऊ पडण्याइतकं चढतं आणि ७० किलोचा ओढा ब्रिजला जागेवरून हलवतो.

फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा, तारा बदलताना, फ्रेटबोर्डसाठीचं लेमन ऑइल दोन-तीन थेंब लावून पाच मिनिटांनी पूर्ण पुसून काढावं. खोबरेल तेल लावू नये, ते लाकडात खवट होतं आणि धूळ धरतं.

बजेट निम्म्यावर थांबत असेल तर यामाहाचीच एफ३१० आहे. फळीही लॅमिनेट, त्यामुळे सूर लवकर विझतो आणि हलक्या स्पर्शाला ती एफएसइतकी बोलत नाही. पण स्केल तिचंही ६३४ आहे, नट ४३, आणि लॅमिनेट फळी हवामानाला दाद देत नाही. वसतिगृह, शाळा, ज्या घरात गिटार कोपऱ्यात उघडीच राहणार आहे तिथे मी एफएसऐवजी हीच सुचवीन. सेटअप हिलाही तितकाच लागतो. पेटारा मात्र ९६ ते ११६ मि.मी. खोल आहे, म्हणजे खांद्याचा प्रश्न राहतो. लहान पेटाऱ्यात एफएसला तोडीस तोड म्हणजे फेंडर सीसी-६०एस: अखंड स्प्रूस, महोगनी बाजू-पाठ, थोडा उबदार आवाज, पण स्केल ६४३ मि.मी. असल्याने ताण जरा जास्त. दोन्ही शेजारी ठेवून वाजवता आल्या तर कानाला आवडेल ती घ्यावी. त्याहून स्वस्तात कोलकात्याच्या गिवसन आणि हॉबनर आहेत, आपल्याकडच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. घेताना ट्रस रॉड आहे का ते आवर्जून विचारावं, कारण तो नसेल तर वाकलेल्या नेकला सोपा इलाज नसतो.

पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरला पोचवणारं उपकरण) बसवलेली एफएसएक्स८००सी स्टेजवर जाणाऱ्यांनी घ्यावी. तिचा वरचा भाग कापलेला असल्याने वरच्या फ्रेटवर हात पोचतो. घरी वाजवणाऱ्याला त्या पैशात काही मिळत नाही, उलट सॅडल घासताना खालच्या पिकअपमुळे काम नाजूक होतं.

एका प्रकारच्या वादकाने एफएस८०० घेऊ नये. बोटं जाड आहेत आणि फक्त बोटांनी, नखांनी, एकेक तार छेडत वाजवायचं आहे, अशांना ४३ मि.मी.चा नट कायम अडचण करतो; शेजारच्या तारेला बोट लागून ती मुकी होते आणि कितीही सेटअप केला तरी ती जागा वाढत नाही. त्यांनी नायलॉनच्या तारांची यामाहा सी४० हातात घेऊन बघावी. नट ५२ मि.मी., स्केल ६५०, आणि ताण स्टीलपेक्षा बराच कमी. फक्त तिच्यावर चुकूनही स्टीलच्या तारा चढवू नयेत. तिचा ब्रिज त्या ताणासाठी चिकटवलेला नसतो.